बाळ आळशी नसतं

आमच्या डोंबिवलीत बाळ जन्माला आलं की पहिल्या तीन दिवसांत त्याच्याबद्दल तीन निकाल लागतात. नाक कोणाच्या वळणावर गेलंय, रंग पुढे उजळेल की नाही, आणि बाळ आळशी आहे की नाही. पहिल्या दोन निकालांनी कोणाचं फारसं बिघडत नाही. तिसऱ्याबद्दल मात्र मला आज जरा भांडायचं आहे.

"ओढतच नाही गं, आळशी आहे अगदी!" हे वाक्य मी प्रसूतिगृहाच्या जिन्यात ऐकलंय, लोकलच्या बायकांच्या डब्यात ऐकलंय, बारशाच्या पंगतीत ऐकलंय. बोलणारी व्यक्ती बहुतेक वेळा प्रेमळच असते. पण त्या वाक्याला एक शेपूटही असतं, ते मोठ्याने म्हटलं जात नाही इतकंच... "नाही तर हिलाच दूध नसेल." म्हणजे एक तर बाळ आळशी, नाही तर आई कमी पडतेय. दोघांपैकी कोणाला तरी नापास केल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की तान्ह्या बाळाच्या बाबतीत ‘आळशी’ हा शब्दच आपण बाद करावा. कारण त्या एका शब्दाखाली तीन अगदी वेगळी बाळं झाकली जातात. एक, ज्याला अजून ओढता येतच नाही ते. दुसरं, ज्याला येतं पण ज्याचा दम टिकत नाही ते. आणि तिसरं, जे काल नीट ओढत होतं आणि आज थांबलंय ते. पहिल्याला वेळ हवा असतो, दुसऱ्याला मदत, आणि तिसऱ्याला ताबडतोब डॉक्टर. तिघांनाही आळशी म्हटलं की तिघांनाही एकच उपाय होतो: बाटली आणा.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते. पण गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीला एकतिसाव्या आठवड्यात मुलगा झाला आणि आमच्या घरातल्या सगळ्यांचा या विषयाशी सक्तीने परिचय झाला. तेव्हापासून जे वाचलं, डॉक्टरांना आणि सिस्टरना विचारून घेतलं, त्यातून हे लिहितेय.

आधी त्या ओढण्याबद्दल.

आपल्याला वाटतं बाळ जन्माला आलं, छातीला लावलं की ओढायला लागणार, त्यात काय शिकायचंय? पण त्याची तालीम पोटातच सुरू झालेली असते. साधारण बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापासून गर्भ भोवतीचं पाणी गिळायला लागतो. पंधराव्या आठवड्याच्या आसपास सोनोग्राफीत अंगठा तोंडात गेलेला दिसू शकतो. दिवस भरत येईपर्यंत हे बाळ दिवसाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त गर्भजल पिऊन मोकळं होत असतं! म्हणजे जन्माला येतं तेव्हा ते नवशिकं नसतं, चांगलं पाच-सहा महिने रियाझ केलेलं असतं.

पण पोटात एक मोठी सोय असते. तिथे श्वास घ्यायचा नसतो, प्राणवायू नाळेतून येतो. नुसतं ओढायचं आणि गिळायचं. बाहेर आल्यावर मात्र तिसरं काम वाढतं. आणि पंचाईत अशी, की दूध आणि हवा दोन्हींची वाट घशात एकच. सकाळी डोंबिवली स्टेशनात एकाच दारातून उतरणारे आणि चढणारे एकमेकांना भिडतात ना, तसा प्रकार. गिळताना श्वासनलिकेचं दार मिटावं लागतं, त्या क्षणापुरता श्वास थांबतो, मग दार उघडतं, श्वास होतो, की पुन्हा ओढायचं. ओढ, गिळ, श्वास. ओढ, गिळ, श्वास. दूध वाहत असताना पूर्ण दिवसांचं बाळ हे साधारण सेकंदाला एकदा या लयीत करतं. दूध नसताना, नुसतंच चोखत असेल, तर लय दुप्पट होते, सेकंदाला दोनदा. (घरात तान्हं बाळ असेल तर घड्याळ लावून बघा. मी बघितलंय. वेळ मस्त जातो :) )

आता एवढं गणित जुळायचं म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली तीन वेगवेगळी केंद्रं एका तालावर यावी लागतात. आणि ती आपापल्या वेळेलाच येतात. अठ्ठाविसाव्या आठवड्याला जन्मलेल्या बाळाच्या तोंडाची हालचाल होते, पण ती विस्कळीत. बत्तिसाव्याच्या सुमाराला ते तीन-चारदा ओढतं आणि मग बराच वेळ विसावा घेतं. चौतिसाव्याच्या आसपास ओढणं, गिळणं आणि श्वास यांची सांगड बसायला लागते. ती पक्की व्हायला छत्तीस-सदतीस उजाडतो. शिवाय पूर्ण दिवसांच्या बाळाच्या गालांच्या आत चरबीच्या गाद्या असतात, त्यामुळे ओढताना गाल आत खचत नाहीत आणि तोंडात पोकळी तयार होऊन दूध येतं. कमी दिवसांच्या बाळाकडे त्या गाद्या भरलेल्याच नसतात. म्हणजे वाजवायचं येत नाही आणि पेटीचा भाताही फाटका, अशी त्याची अवस्था.

अर्थात ही आठवड्यांची वेळापत्रकं ढोबळ. एखादं बाळ आधी शिकतं, एखादं मागे राहतं. पण तिसाव्या-एकतिसाव्या आठवड्याच्या बाळाला ‘ओढत नाही’ म्हणून आळशी ठरवणं म्हणजे बालवाडीतल्या पोराला दहावीच्या बाकावर बसवून ‘ढ’ म्हणण्यासारखं आहे. जबरदस्ती केली तर ते बिचारं ओढायला जातं, गिळतं, पुन्हा ओढतं, आणि या नादात श्वास घ्यायचं राहून जातं. मग त्या यंत्रावरचा प्राणवायूचा आकडा खाली येतो, हृदयाचे ठोके मंदावतात, आणि पेटीशेजारचा भोंगा वाजायला लागतो. तो भोंगा एकदा ज्याने ऐकलाय तो पुन्हा कधी बाळाला घाई करणार नाही.

म्हणून नवजात अतिदक्षता विभागात, म्हणजे आपण ज्याला एनआयसीयू म्हणतो आणि आजी लोक ‘काचेची पेटी’ म्हणतात तिथे, पायऱ्या ठरलेल्या असतात. बत्तीस आठवड्यांच्या आतलं बाळ असेल तर साधारणपणे तोंडातून पोटात बारीक नळी आणि त्यातून आईचं दूध. बत्तीस ते चौतीसमध्ये वाटी-चमचा. चौतीसच्या पुढे थेट अंगावर. मधल्या पायरीवर एक वस्तू येते, ती ऐकून माझी आजी असती तर मनापासून हसली असती... बोंडलं! तेच ते चोचीचं छोटं भांडं, जे पूर्वी घराघरात असायचं, चांदीचं असेल तर आजोळहून यायचं. दक्षिणेत त्याला पालाडाई म्हणतात आणि त्याच नावाने ते वैद्यकीय पुस्तकांत जाऊन बसलंय. फरक वापरण्याच्या पद्धतीत आहे. पूर्वी बाळाला पायांवर उताणं घेऊन, ते रडत असताना घशात दूध ओतलं जायचं. ते धोक्याचंच होतं. आता बाळाला जवळजवळ बसतं धरतात, चोच खालच्या ओठाला टेकवतात, आणि बाळ जिभेने स्वतः ते दूध घेतं. घाई भांडं करत नाही, वेग बाळ ठरवतं. आणि भांडं उघडं असल्यामुळे ते नीट घासून उकळता येतं, बाटलीच्या बुचासारखे कोपरे त्याला नसतात.

बाटलीबद्दल तक्रार आहे ती हीच. तिच्यातून दूध बाळाने फारसं काही न करताही गळत राहतं. ज्याला श्वासासाठी थांबायचं आहे त्याला ती थांबू देत नाही. मग दूध ओठांतून ओघळतं नाही तर ठसका लागतो. वर आपण म्हणतो, बघा, बाटलीने कसं पटापट पितंय!

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. नळीने दूध चालू असतानाच, आईने आधी दूध काढून रिकामी केलेल्या छातीला बाळाला लावतात. मिळणार काहीच नाही, नुसतं चोखायचं. वरवर बघता निरर्थक वाटतं. पण असं नुसतं चोखायला मिळालेली बाळं तोंडाने पिण्यापर्यंत लवकर पोचतात आणि घरीही लवकर जातात, असं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलंय. त्यात आईचाही फायदा असतो, कारण बाळ असं जवळ आलं की तिलाही पान्हा फुटायला मदत होते. ते पहिल्या दिवसांतलं चिकाचं दूध, जे काही घरांत अजूनही ‘जड’ म्हणून टाकून देतात, त्याचे चार थेंबही बाळाच्या ओठांना, गालाच्या आत लावतात. (आणि त्याऐवजी मधाचं बोट चाटवायला निघालेल्या सर्व आत्या-माम्यांना कोपरापासून नमस्कार. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, कृपया.)

आता दुसऱ्या प्रकारचं बाळ. आपल्याकडे एक समजूत आहे, सातव्या महिन्याचं बाळ जगतं पण आठव्याचं जगत नाही. वैद्यकशास्त्राच्या हिशेबाने हे साफ चूक आहे. पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. पण ही समजूत आली कुठून याचा विचार करताना मला आपलं असं वाटलं, की सातमाशी बाळ दिसायलाच एवढंसं असतं, की त्याला सगळे जपतात. आठव्याचं दिसायला पुरं बाळ असतं, म्हणून त्याला कोणी जपत नाही. हा माझा अंदाज, शास्त्र नव्हे. पण चौतीस ते छत्तीस आठवड्यांच्या बाळाची अडचण नेमकी हीच असते हे मात्र खरं. वजन दोन-सव्वादोन किलो, गुटगुटीत नसलं तरी ठीक दिसतं, पेटीत ठेवावं लागत नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी येतं. आणि छातीला लावलं की दहा-बारा वेळा ओढून झोपून जातं. घरचे म्हणतात, किती शहाणं आहे, त्रास देत नाही अजिबात! ते शहाणं नसतं, दमलेलं असतं. भूक लागल्याचं रडून सांगायलाही शक्ती लागते. अशी बाळं मग वजनात उतरतात, त्यांची कावीळ वाढते, आणि आठवड्याभरात पुन्हा दवाखाना गाठावा लागतो. त्यांना उठवून, दोन-तीन तासांनी आठवणीने पाजावं लागतं, आणि उरलेलं दूध काढून वाटी-चमच्याने द्यावं लागतं. झोपाळू बाळ म्हणून कौतुक करण्याची ही वेळ नव्हे.

मधे मधे थांबण्याबद्दलही थोडं. पूर्ण दिवसांचं धट्टंकट्टं बाळसुद्धा सलग ओढत नाही. काही वेळा ओढतं, थांबतं, पुन्हा ओढतं. ते थांबलं की आई नकळत त्याला जरा हलवते, तळपायाला बोट लावते. १९७० च्या दशकात अमेरिकेत हे बारकाईने पाहिलं गेलं, तेव्हा गंमत अशी दिसली की हलवत असताना बाळ ओढत नाही, हलवणं थांबलं की ओढायला लागतं. एकाची पाळी झाली की दुसऱ्याची. म्हणजे हा संवाद झाला की! १९८० मध्ये तर अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या दोघांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या तोंडात यंत्राला जोडलेली चोखणी दिली. ओढण्यातला विसावा कमी-जास्त केला की कधी आईचा आवाज ऐकू यायचा, कधी दुसऱ्या बाईचा. बाळांनी आपला विसावा बदलला आणि आईचा आवाज मिळवला. दोन दिवसांचं बाळ, ज्याला मान धरता येत नाही, ते ओढण्या-थांबण्यातून स्वतःला हवं ते मागून घेतं. याला आळशी म्हणायचं?

आता तिसरं बाळ, आणि इथे मात्र गंमत संपते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९० च्या दशकात ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायचा प्रयोग केला. गावातल्याच, थोड्याफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले, नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झालं होतं. पुढे देशभरच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासतात, त्या पद्धतीचं मूळ इथे आहे. त्यांनी बाळाला गंभीर जंतुसंसर्ग झालाय हे यंत्राशिवाय ओळखायची सात लक्षणं काढली, ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. दूध ओढणं कमी होणं किंवा थांबणं. रडणं क्षीण होणं किंवा थांबणं. हातपाय लुळे पडणं. उलट्या किंवा पोट फुगणं. अंग गार लागणं. श्वास घेताना छाती आत खेचली जाणं. नाभीत पू होणं. यातली कुठलीही दोन दिसली तर उपचार सुरू.

यातली पहिली दोन पुन्हा वाचा. ओढणं कमी झालं, रडणं कमी झालं. आपल्या घरात अशा बाळाला काय म्हणतात? "आज अगदी शांत आहे हो." गडचिरोलीच्या आडगावात जी खूण बघून आरोग्यदूत सावध व्हायची, तीच खूण ठाण्या-डोंबिवलीच्या सुशिक्षित घरात आपण कौतुकाने बघतो. गडचिरोलीत दोन लक्षणांचा नियम होता. आपल्या प्रत्येक गल्लीत बालरोगतज्ज्ञाची पाटी आहे. आपण दोनाची वाट कशाला बघायची? काल नीट पीत होतं आणि आज ओढत नाही, एवढं एकच पुरेसं आहे. रिक्षा करा आणि जा.

इतकं सगळं कळल्यावर मला राहून राहून एका गोष्टीचा राग येतो, आणि हा लेख खरं तर त्यासाठीच लिहायला घेतला. जे बाळ ओढायला शिकतंय त्याला शिकवणारी त्याची आई असते, आणि आपण तिलाच दाराबाहेर बसवतो.

माझ्या बहिणीची प्रसूती कल्याणला झाली. तिथे बाळासाठी सोय नव्हती म्हणून दीड किलोच्या त्या जिवाला रुग्णवाहिकेतून ठाण्याच्या एका खाजगी रुग्णालयात हलवलं. आई चार दिवस कल्याणला टाके सांभाळत, आणि मुलगा वीस किलोमीटरवर नळी लावून. तिचा नवरा बर्फाच्या पिशवीत दुधाची डबी घेऊन लोकलने ठाण्याला जायचा, दिवसातून दोनदा. तिला घरी सोडल्यावर ती स्वतः जायला लागली, पोटावर हात धरून. तिथे आई-वडिलांना भेटायची वेळ दुपारी एक तास, तीही काचेबाहेरून. दूध काढायला जागा म्हणजे जिन्याखालची औषधांच्या खोक्यांची खोली. बाकीचा वेळ ती खाली बाकावर बसून असायची. तिच्या सासूबाई वाईट नाहीत, पण त्याही काळजीने म्हणायच्या, "अगं, दूध आटत चाललंय तुझं, पावडर देऊ दे त्यांना." आटणार नाही तर काय? ज्या बाळासाठी पान्हा फुटायचा ते बाळ तिने धड पाहिलंही नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी एका सिस्टरनी डॉक्टरांना विचारून तिला आत घेतलं आणि बाळ उघड्या छातीवर ठेवलं. पहिल्या दिवशी त्याने काहीच केलं नाही, नुसता झोपला. बहीण रडवेली झाली. तेव्हा त्या सिस्टर म्हणाल्या, "ताई, त्याला घाई नाहीये, तुम्हाला आहे." चौथ्या दिवशी त्याने तोंड वळवून शोधलं आणि तीनदा ओढलं. फक्त तीनदा. आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर त्या दिवशी जी धमाल झाली ती पुढे त्याच्या बारशालाही झाली नाही.

त्या रुग्णालयाने बाळाचा जीव वाचवला, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. माझा वाद नियमाशी आहे. आणि नियमाच्या बाजूचं म्हणणंही मला कळतं. जागा लहान, पेट्या जास्त, सिस्टर कमी. प्रत्येक बाळामागे दहा नातेवाईक, त्यातला एक शिंकणारा. जंतुसंसर्गाची भीती खोटी नाही. पण त्या दहांत आईला का मोजायचं? आई ही भेटायला आलेली पाहुणी नव्हे, ती उपचाराचा भाग आहे.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये. १९७० च्या दशकाच्या अखेरीला कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या पुरत नव्हत्या म्हणून डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली, तीच ही कांगारू पद्धत. पूर्वी बाळ स्थिरावल्यावरच ती करायची असा दंडक होता. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतासह पाच देशांतली, एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमपर्यंतची तीन हजारांवर बाळं. स्थिरावण्याची वाट न बघता जन्मल्यापासूनच त्यांना आईच्या कुशीत ठेवलं, म्हणजेच आईची खाट अतिदक्षता विभागातच टाकली. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. आपल्या केंद्र सरकारनेही २०१७ मध्ये सरकारी नवजात विभागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात आई-वडिलांना आत घेऊन हात धुण्यापासून दूध पाजण्यापर्यंत सगळं शिकवावं असं आहे. म्हणजे कागदावर आपण पोचलेले आहोत. जिन्याखालच्या खोलीतून वर यायचं बाकी आहे.

आणि हे आपल्या मध्य रेल्वेच्या रुळांवरही नवं नाही. ज्या सायनला आपल्या फास्ट लोकल थांबत नाहीत, तिथल्या महापालिकेच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. ज्या बाळाच्या आईला दूध कमी आहे किंवा आई आजारी आहे, त्याला दुसऱ्या आईने दिलेलं, तपासून निर्जंतुक केलेलं दूध. तीसहून जास्त वर्षांपूर्वी, सरकारी रुग्णालयाच्या गर्दीत हे जमलं. मग कल्याणपासून ठाण्यापर्यंत जी चकचकीत रुग्णालयं उभी राहिलीत, त्यांना आईसाठी एक आरामखुर्ची आणि पडदा लावलेला कोपरा अवघड का असावा?

कायद्याचं म्हणाल तर लहान मुलांचं पावडरचं दूध आणि बाटल्या यांची जाहिरात करायला, फुकट नमुने वाटायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. नोकरदार आईला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पण बाळ सहा आठवडे पेटीत असेल तर ते सहा आठवडेही त्यातूनच जातात, आणि ते घरी येऊन नीट अंगावर प्यायला लागेस्तोवर रजेचा मोठा तुकडा संपलेला असतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आईला तेवढे आठवडे वाढवून मिळायला हवेत. आणि पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या आमच्या डोंबिवलीच्या असंख्य बायकांना तर कुठलीच रजा नाही.

एक खुलासा करते, कारण वाचणाऱ्यांत माझ्या भाच्या-पुतण्या आहेत. काही बाळांना पावडरचं दूध द्यावंच लागतं. डॉक्टर सांगतात, कारण असतं, आणि ती बाळंही छान वाढतात. जिला ते द्यावं लागलं तिने हे वाचून एक क्षणही वाईट वाटून घेऊ नये. माझं भांडण तिच्याशी नाही, तिच्या खाटेभोवती उभं राहून निकाल देणाऱ्या आपल्यासारख्यांशी आहे.

मग आपण करायचं काय? फार काही नाही. ‘किती प्यायला?’ आणि ‘वजन किती झालं?’ हे दोन प्रश्न विचारायचे नाहीत. तो आकडा तिला पाठ असतो आणि रात्रभर छळत असतो. त्याऐवजी डबा न्या. दुधाची पिशवी ठाण्याला पोचवायची एक पाळी स्वतःकडे घ्या. तिला गाडीत बसायला जागा मिळेल अशा वेळी तिच्याबरोबर जा. डॉक्टरांना, आवाज न चढवता, एकच विचारा: आईला आत कधी बसता येईल? चार घरच्यांनी विचारलं तर नियम बदलणार नाही, चाळीस जणांनी विचारलं तर बदलेल. रुग्णालयांनाही शेवटी आपल्या मागणीचं भान असतंच.

आणि आत्या, तू हे वाचत असशील तर (वाचतेसच, मला माहितेय), पुढच्या वेळी बाळ बघायला गेलीस आणि ते छातीशी तोंड नेऊन नुसतंच पडून असलं, तर "आळशी आहे" म्हणू नकोस. "शिकतोय" म्हण. आणि कालपर्यंत पीत होतं असं कळलं, तर काहीच म्हणू नकोस, सरळ रिक्षा बोलव.

असो. बरंच लांबलं. तुमच्याकडे काय अनुभव आहेत ते जरूर लिहा, विशेषतः कोणाच्या रुग्णालयात आईला आत बसू देत असतील तर. ती नावं एकमेकींना सांगायला हवीत.